दाढ दुखायच्या आधीची खेप

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलसारख्या गावात लहान मुलाची दाताच्या डॉक्टरशी पहिली गाठ बहुधा एकाच रीतीने पडते. रात्रीची जेवणं उरकून घर आडवं होतं आणि सहा-सात वर्षांचं पोरगं गाल धरून उठून बसतं. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि किडलेल्या दाढेतली सुजलेली नस आणखी कोंडली जाते, म्हणून कळ नेमकी रात्री चढते. आज्जी लवंग ठेचून दाढेत धरायला देते, कुणी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगतं, आई मांडीवर घेऊन बसते. सकाळी बघावं तर गाल सुजलेला. मग शाळा बुडवून, बापाच्या कामाचा खाडा करून पलूस, नाहीतर थेट सांगली. अर्धवट झोपलेलं, काही न खाल्लेलं, कळांनी हैराण झालेलं ते लेकरू अनोळखी खुर्चीत आडवं केलं जातं, डोळ्यांवर दिवा येतो, आणि तोंडाला मास्क लावलेला माणूस त्याच दुखऱ्या दाढेला हात घालतो.

या मुलाला पुढे आयुष्यभर त्या खुर्चीची धास्ती वाटली, तर त्यात भित्रेपणा कुठे आहे? त्याने जे अनुभवलं त्यावरून काढलेला तो अगदी बरोबर निष्कर्ष आहे. मोठी माणसं त्याला ‘काही होत नाही रे’ म्हणतात तेव्हा त्याला कळतं की यांना माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. म्हणून मला वाटतं, मुलांच्या या भीतीवरचा सगळ्यात खात्रीचा इलाज कुठल्या औषधात किंवा युक्तीत शोधण्याआधी वेळेत शोधावा. पहिली खेप दाढ दुखायच्या आधी झाली पाहिजे. बाकी सगळे उपाय त्यानंतर येतात आणि त्यानंतरच नीट लागू पडतात.

यामागे एक रसायनशास्त्र आहे आणि ते प्रत्येक आईवडिलांना माहीत असावं. दात बधिर करायला जे इंजेक्शन देतात त्यात बहुधा लिग्नोकेन असतं. निल्स लोफग्रेन या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने ते १९४३ साली तयार केलं. हे औषध नसेच्या आवरणातून आत शिरलं तरच काम करतं, आणि आत शिरायला आजूबाजूची जागा निरोगी असावी लागते. पू झालेल्या, सुजलेल्या भागात आम्लता वाढलेली असते. अशा जागी औषधाचा मोठा भाग ज्या रूपात राहतो त्या रूपात तो आवरण ओलांडू शकत नाही. म्हणजे सुई टोचली, औषध गेलं, डॉक्टरांनी हात नीट चालवला, तरी दाढ पुरती बधिर होत नाही. ‘इंजेक्शन देऊनसुद्धा दुखलं’ असं मूल सांगतं ते हट्टाने किंवा नाटकाने सांगत नसतं. सूज येईपर्यंत थांबल्याची ती किंमत असते, आणि ती मोजणाऱ्याचा थांबण्याच्या निर्णयात काहीच हात नसतो. म्हणूनच पुष्कळदा डॉक्टर आधी सूज उतरवतात आणि दाढेला हात मागाहून लावतात. घरच्यांना तो वेळकाढूपणा वाटतो. खरं तर ती मुलावरची मायाच असते.

भीती येते कुठून, याचा विचार मानसशास्त्रात बराच झाला आहे. स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ साली भीती अंगात शिरायच्या तीन वाटा मांडल्या: स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणं आणि कानावर पडलेलं बोलणं. आपल्याकडच्या घरात या तिन्ही वाटा सताड उघड्या असतात. थोरल्या भावाची दाढ काढताना धाकटं बाहेरच्या बाकड्यावर बसलेलं असतं आणि दाराआडून येणारी किंचाळी ऐकत असतं. चुलत्याची अक्कलदाढ कशी निघेना, डॉक्टरांनी कसा जोर लावला, रक्त किती आलं, याची हकिकत जेवताना पोरांदेखत रंगवून सांगितली जाते. आणि धमकी तर रोजची. ‘गप जेव, न्हाईतर डॉक्टरला सांगून मोठी सुई द्यायला लावीन.’ हे वाक्य कानावर न पडलेलं मूल आपल्या भागात क्वचितच सापडेल. सांगणारीच्या मनात काही वाईट नसतं. दिवसभर राबलेल्या बाईला दोन घास पोराच्या पोटात घालायचे असतात. पण ज्या माणसाकडे उद्या पोराला न्यायचं आहे, त्यालाच आज बागुलबुवा करून ठेवल्यावर उद्या त्याच्यावर विश्वास ठेव म्हणून सांगायचं कसं?

रॅकमन यांच्यानंतरच्या संशोधकांनी या मांडणीत आणखी एक मोलाची भर घातली. ज्या मुलाच्या खात्यात आधी दोन-चार साध्या, न दुखणाऱ्या फेऱ्या जमा आहेत, त्याला पुढे कधी एखादा त्रासाचा अनुभव आला तरी भीती सहजासहजी धरत नाही. त्याच्या लेखी दवाखाना ही आधीच ओळखीची, निरुपद्रवी जागा झालेली असते; एक वाईट दिवस ती ओळख पुसू शकत नाही. ज्याची पहिलीच फेरी वाईट गेली त्याच्याजवळ मात्र हे कवच नसतं. सारा फरक फेऱ्यांच्या क्रमाचा. आधी साधी खेप आणि मग दुखरी, की आधीच दुखरी, यावर पुढची तीस-चाळीस वर्षं ठरतात. दात पार हलायला लागेपर्यंत डॉक्टरकडे न गेलेल्या मोठ्या माणसांना विचारून बघा. बहुतेकांच्या गोष्टीची सुरुवात बालपणीच्या एका दुपारी असते.

आता कुंडलकडेच बघू. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे मोठं केंद्र. त्या लढ्यातले जी. डी. बापू लाड इथलेच, आणि त्यांच्याच नावाने आज गावात क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना उभा आहे. कृष्णाकाठचा हा पट्टा उसाचा. हंगामात पोरांच्या हातात उसाचं कांडं असतं, घरात गूळ, काकवी असते, आणि चहात बुडवलेलं बिस्किट वा बटर हा सकाळचा रिवाज असतो. उसाच्या गावात दात किडणारच, असं मात्र कुणी म्हणू नये. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात स्वीडनमधल्या विपेहोल्म या संस्थेत, तिथल्या मतिमंद रहिवाशांवर, एक मोठा प्रयोग झाला. आज तसा प्रयोग कुठलीही नीतिसमिती होऊ देणार नाही आणि देऊ नये. पण त्यातून कळलं ते असं की साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली आणि ती दाताला किती चिकटून राहिली, हे जास्त महत्त्वाचं. जेवणासोबत खाल्लेला गुळाचा खडा तितकं नुकसान करत नाही, जितकं दोन जेवणांच्या मधे सारखं तोंडात घोळणारं चॉकलेट करतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपी जाणं. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर रात्रभर राहतं, आणि तीन वर्षांच्या पोराचे वरचे पुढचे दात काळे पडून झिजून जातात.

हे सगळं दिसत असूनही घर गप्प बसतं, कारण एक समजूत पक्की रुजलेली आहे: दुधाचेच दात, पडणारच आहेत. दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात उगवतो, तिसऱ्या वर्षापर्यंत सगळे येतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ घेऊन मुलाला पुढची सहा-सात वर्षं काढायची असतात. शिवाय सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली घरात कुणाला कळत नाही. कळली तरी दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. आठव्या-नवव्या वर्षी किडून गेलेली हीच दाढ पुष्कळ मुलांना पहिल्यांदा त्या खुर्चीत नेऊन बसवते.

मग पहिली खेप कधी? बालदंतवैद्यक सांगतं, पहिला दात आल्यावर, मूल वर्षाचं व्हायच्या आत. आपल्याकडे हे कुणाला सांगितलं तर हसतील, इतकं ते रिवाजाबाहेरचं आहे. पण त्या खेपेत होतं काय ते बघा. डॉक्टर आणि आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, मग हळूच मागे टेकवून त्याचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. त्याला आईचा चेहरा दिसत राहतो, हात आईच्या हातात असतात. डॉक्टर बोटाने हिरड्या चाचपतात, दात बघतात, दोन मिनिटांत सगळं संपतं. बाळ थोडं रडतं, कारण त्या वयात अनोळखी माणसापुढे रडणं हेच निरोगीपणाचं लक्षण आहे. आईला ब्रश कसा धरायचा ते कळतं. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, हे कळतं. वर्षाच्या आत जमलं नाही तर अंगणवाडीत घालताना न्या, तेही हुकलं तर पहिलीत नाव घालताना. मात्र दात दुखत नसताना न्या.

तीन-चार वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी जी पद्धत जगभर वापरली जाते ती १९५९ साली अ‍ॅडलस्टन या अमेरिकन दंतवैद्याने मांडली. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. ऐकायला साधी वाटते, पण क्रम मोडला की ती कोसळते. पाण्याचा फवारा मारायचा असेल तर आधी मुलाच्या भाषेत सांगतात की दाताला अंघोळ घालायची आहे. मग तो फवारा त्याच्या तळहातावर मारून दाखवतात. मग लगेच, दुसरं काही न बोलता, दातावर. फिरणारा ब्रश आधी नखावर फिरवतात. पाणी ओढून घेणारी नळी आधी ओंजळीतलं पाणी पिऊन दाखवते. मुलाला धसका बसतो तो पुढे काय होणार हे माहीत नसण्याचा, आणि ही पद्धत नेमकं तेवढंच काढून घेते.

सगळ्यात अवघड पायरी दात कोरायच्या मशीनची, ज्याला डॉक्टर एअरोटर म्हणतात. १९५७ च्या सुमारास बाजारात आलेल्या या हवेवरच्या यंत्राचं टोक मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेतं. जुन्या, पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनपेक्षा दुखणं पुष्कळच कमी झालं, पण त्याबरोबर तो कर्कश, चिरत जाणारा आवाज आला. आवाज दातातून हाडात आणि हाडातून थेट कानात पोचतो, म्हणून मुलाला तो खोलीभर घुमणाऱ्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा ऐकू येतो. त्यात तोंड उघडं, जीभ दाबलेली, बोलायची सोय नाही. कुठल्याही वयाच्या माणसाला घाबरवायला एवढं पुरे आहे.

म्हणून चांगले डॉक्टर मुलाच्या हातात एक अधिकार देतात: डावा हात वर केलास की मी थांबणार. बहुतेक मुलं सुरुवातीला दोन-तीनदा उगाच हात वर करून बघतात. डॉक्टर खरंच थांबतात का, याची ती परीक्षा असते. त्या वेळी जो थांबतो त्याला मूल पुढची दहा मिनिटं शांतपणे देतं. जो ‘झालंच, झालंच’ म्हणत पुढे जातो, त्याला पुन्हा कधीच विश्वास मिळत नाही. या साध्या खुणेला मी इतर सगळ्या युक्त्यांच्या वर ठेवीन. छताला लावलेल्या पडद्यावरचं कार्टून, डोळ्यांवरचा चष्मा, श्वास मोजणं हे सगळं उपयोगी आहे, पण लक्ष दुसरीकडे वळवणं वेगळं आणि आपलं ऐकलं जातंय ही खात्री वेगळी.

सुईचं म्हणाल तर तिच्याही पायऱ्या आहेत. आधी हिरडी पुसून कोरडी करून तिच्यावर बधिरतेची जेल लावतात आणि मिनिट-दोन मिनिटं खरोखर थांबतात. औषध अगदी सावकाश सोडतात, कारण टोचण्यापेक्षा औषध घाईने सोडल्यावर पडणाऱ्या दाबाने जास्त दुखतं. त्याच वेळी दुसऱ्या हाताने गाल हलवत राहतात. स्पर्शाचा आणि हलण्याचा संदेश मणक्यापर्यंत किंवा मेंदूच्या दारापर्यंत पोचला की वेदनेच्या संदेशाला तिथून आत जायला अडचण पडते. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेला हा सिद्धान्त त्या गाल हलवण्यामागे आहे. घरच्यांनी मुलाला आदल्या दिवसापासून ‘सुई देणार नाहीत’ असं सांगू नये. ‘सुई देणार’ असंही सांगू नये. ‘काय करायचं ते डॉक्टर आधी तुला सांगतील, मग करतील’ एवढं पुरे, आणि ते खरं असतं. खोटं उघडं पडलं की मूल डॉक्टरवर रागावतंच, पण त्याहून जास्त आईवर रागावतं.

रडण्याविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. १९६३ साली एल्सबाख यांनी खुर्चीतल्या मुलांच्या रडण्याचे चार प्रकार नोंदवले. पहिलं हट्टाचं: मोठ्याने, हातपाय झाडत. दुसरं भीतीचं: हुंदके देत, पाण्याने भरलेले डोळे, श्वास अडखळलेला. तिसरं दुखण्याचं: हे कधीकधी अगदी नि:शब्द असतं, डोळ्यांच्या कडेने नुसती धार लागते, आणि घाईतल्या माणसाला ते दिसतही नाही. आणि चौथं सगळ्यात विलक्षण: मशीन सुरू झालं की मूल एकसुरी ‘अं...’ करत राहतं, डोळ्यांत टिपूस नसतो, मशीन थांबलं की आवाजही थांबतो. आपल्याच आवाजाने मशीनचा आवाज झाकायचा त्याने शोधलेला हा मार्ग आहे. मूल त्या वेळी भीतीशी झुंज देत असतं आणि जिंकत असतं. अशा वेळी दारातून आजोबा ओरडतात, ‘ए, गप रे, शहाणा ना तू!’ आणि त्याच्या हातातलं एकमेव हत्यार काढून घेतात. चारही रडण्यांना एकच उत्तर देता येत नाही. दुखून रडणाऱ्याला आणखी बधिर करायला हवं, घाबरून रडणाऱ्याला वेळ द्यायला हवा, आणि एकसुरी गुणगुणणाऱ्याला गुणगुणू द्यायला हवं.

दंतमहाविद्यालयांत मुलाच्या केसपेपरवर त्याच्या वागण्याची नोंद चार पायऱ्यांत केली जाते. फ्रँकल यांनी १९६२ साली ती पद्धत आणली: दोन वजा, एक वजा, एक अधिक, दोन अधिक. पालकांनी दर खेपेला ती खूण विचारावी. पहिल्या दिवशी दोन वजा असलेलं मूल तिसऱ्या खेपेला एक अधिकवर आलेलं कागदावर दिसलं, की घरच्यांनाही धीर येतो आणि आज निव्वळ खुर्चीत बसून परत आलो म्हणजे खेप वाया गेली असं वाटत नाही. ती वाया गेलेली नसते.

एके काळी याच्या अगदी उलट रीत होती. मूल ओरडलं की तोंडावर हात दाबून धरायचा आणि कानात शांतपणे सांगायचं की गप झालास तर हात काढीन. हे पाठ्यपुस्तकात होतं. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने २००६ साली ते आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकलं. आपल्याकडे दोघांनी हात, एकाने पाय धरून दाढ उपटायचे प्रसंग अजून घडतात, आणि ते घडवून आणायला बऱ्याचदा घरचेच पुढे असतात: एकदाचं उरकून टाका, परत यायला जमणार नाही. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, उसाची पाळी, ही कारणं खोटी नाहीत. पण जीव धोक्यात आणणारी सूज नसेल, तर त्या दिवशी दुखणं थांबवून पुढची तारीख घेणं हाच शहाणपणा आहे.

आणि आता मशीन आणि सुई दोन्ही टाळता येतील असे उपाय हाताशी आहेत, हे गावापर्यंत पोचलेलं नाही याची मला खंत वाटते. १९८० च्या दशकात टांझानियात, जिथे वीज नव्हती तिथे, फक्त हातातल्या हत्यारांनी मऊ झालेली कीड खरवडून त्यावर काचेच्या भुकटीपासून बनवलेलं सिमेंट भरायची पद्धत निघाली. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. शाळेच्या बाकावर झोपवूनसुद्धा हे काम करता येतं. दुसरा उपाय सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा: किडीवर या द्रवाचा थेंब लावला की कीड थांबते आणि ती जागा कडक होते. ती काळी मात्र पडते, हे आधीच सांगायला हवं, नाहीतर आई दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येणार. पण मागच्या दाढेत कोण बघतंय? २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. तिसरा उपाय स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंचा. दुधाची दाढ न कोरता, सुई न देता, तिच्यावर तयार स्टीलची टोपी सिमेंटने बसवायची. आत कोंडलेल्या किडीला साखर मिळेनाशी होते आणि ती थांबते. मूल चावून स्वतःच टोपी बसवतं. अर्थात या तिन्ही गोष्टी नस सुजायच्या आधीच्या. रात्रीची कळ सुरू झाल्यावर यांचा दरवाजा बहुतेक बंद झालेला असतो.

कुंडलच्या माणसाला यासाठी फार लांब जावं लागत नाही. आरोग्याच्या बाबतीत हा भाग तसा भाग्यवान. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्राची वाट मिरजेकडे वळलेली आहे, आणि किर्लोस्करवाडीला रेल्वेत बसलं की मिरज येतंच. दातांसाठी सांगलीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. त्या संस्थेचे संस्थापक पतंगराव कदम शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या सोनसळचे. सांगलीजवळच वसंतदादा पाटील यांच्या नावाचंही दंत महाविद्यालय आहे. पलीकडे कराडला कृष्णा संस्थेचं आहे. दंत महाविद्यालयात बालदंतविभाग स्वतंत्र असतो. तिथले डॉक्टर दंतवैद्यकाची पदवी घेतल्यावर आणखी तीन वर्षं फक्त लहान मुलांच्या दातांचं शिक्षण घेतात, आणि त्या अभ्यासाचा मोठा भाग मुलाचं मन ओळखण्याचा असतो. खासगी दवाखान्यात डॉक्टरांना अर्ध्या तासात तीन रोगी बघायचे असतात. महाविद्यालयात शिकणाऱ्या डॉक्टरला मात्र एका मुलासाठी तासभर बसता येतं. घाबरट मुलाला नेमका तोच तासभर हवा असतो.

त्याहून जवळची गोष्ट शाळेत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहूनच सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीडही आहे. या तपासणीचं मोल मला फार मोठं वाटतं. मूल आपल्या वर्गात असतं, रांगेत पुढे-मागे मित्र असतात, पुढच्याने ‘आ’ केलेलं दिसतं, बॅटरीचा उजेड तोंडात पडतो आणि संपतं. कवच देणारी ती पहिली साधी खेप सरकारच दारात घेऊन येतं. पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडू नये, एवढं बाईंनी आणि आईने बघावं. २०२३ साली राज्याने स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकरांना सोबत घेतलं. त्यांच्या चित्राखाली उभं राहून दात दाखवायला कुठलं पोर नको म्हणेल?

फक्त हंगामात कारखान्याभोवती कोप्यांत उतरणाऱ्या ऊसतोड कामगारांची मुलं या जाळ्यातून निसटतात. शाळेची तपासणी गावाकडे होते तेव्हा ती इथे असतात, आणि इथे होते तेव्हा त्यांचं नाव कुठल्याच पटावर नसतं. दाढ दुखली तर आई पहाटेच फडात गेलेली असते. पथक कारखान्यावर येईल तेव्हा त्याने कोप्यांवरही जावं, असा आग्रह गावाने धरावा.

घरून निघताना काही गोष्टी पाळल्या तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. वेळ सकाळची घ्यावी. दुपारनंतर पेंगुळलेलं मूल कशालाच तयार नसतं. दोन तास आधी हलकं खायला घालावं. आत गेल्यावर बोलणारं तोंड एकच असावं, डॉक्टरांचं. आई, आत्या आणि दारातले आजोबा असे तिघे एकदम समजावू लागले की मूल कुणाचंच ऐकत नाही. आईने जवळ असावं, पायाला हात लावून बसावं, आणि गप्प असावं. ‘काही नाही, काही नाही, झालंच हं’ असं सारखं म्हणत राहिलं तर मुलाचा त्रास वाढतो, असं पाहणीत दिसून आलं आहे. आई एवढं समजावते म्हणजे नक्की काहीतरी भयंकर चाललंय, असं मूल ताडतं. बक्षिसाचं आमिष आधी दाखवू नये. नंतर शाबासकी जरूर द्यावी, आणि ती नेमकी द्यावी: ‘नळी लावली तेव्हा तू तोंड किती छान उघडं ठेवलंस.’

परतीच्या वाटेवरचं बोलणं तर आणखी महत्त्वाचं. घडलेली गोष्ट मुलाच्या आठवणीत जशीच्या तशी राहत नाही. घाबरलेल्या मुलाच्या मनात दुखणं दिवसागणिक वाढत जातं. गाडीत बसल्यावर ‘लई दुखलं का गं बाय?’ म्हणून पुन्हापुन्हा विचारलं की ते आणखी वाढतं. त्याऐवजी त्याने काय काय केलं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं. घरी गेल्यावर त्यालाच डॉक्टर होऊ द्यावं, आज्जीचे दात तपासू द्यावेत. आठवण अशी उजळून घेतल्यावर पुढच्या खेपेची भीती कमी होते, याचे प्रयोग दंतवैद्यकात झालेले आहेत.

बधिर केलेला ओठ मात्र दोन-तीन तास सांभाळावा. ओठ जाड झाल्यासारखा वाटतो, दुखत नाही, म्हणून मूल तो गंमत म्हणून चावत राहतं आणि संध्याकाळी ओठ सुजून जखम दिसते. घरचे समजतात सुई चुकीची लागली. तसं नसतं. तोवर गरम चहा आणि चपाती दोन्ही दूर ठेवावं.

राहता राहिली आईची स्वतःची भीती. आईबापाला धास्ती असेल तर मुलाला ती असण्याचा संभव वाढतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलेलं आहे. ज्या आईच्या हाताला त्या दवाखान्याच्या दारातच घाम फुटतो, तिचा हात धरलेल्या मुलाला तो कळतो. यात लाजण्यासारखं काही नाही. तिलाही कुणीतरी लहानपणी हातपाय धरूनच खुर्चीत घातलेलं असेल. अशा वेळी पहिल्या एक-दोन खेपांना मुलासोबत मामाला किंवा आत्याला पाठवावं, ज्याला त्या खुर्चीचं काही वाटत नाही अशा कुणालातरी. मुलाची गाडी रुळावर आली की आईने स्वतःसाठी वेगळी तारीख घ्यावी आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं की मला भीती वाटते. हात वर केल्यावर थांबायची खूण मोठ्या माणसालाही मागता येते.